उंबेर्तो बिंदी यांच्या सुरुवातीच्या गाण्यांचा सीडी संच: एक परीक्षण

इटालियन गायक आणि संगीतकार उंबेर्तो बिंदी यांनी १९५९ ते १९६१ या काळात गायलेल्या गाण्यांचा दोन सीडींचा एक संच युरोपातल्या एका लहान कंपनीने बाजारात आणला आहे. किंमत माफक आहे, गाणी भरपूर आहेत आणि त्यांतली निदान दोन गाणी अशी आहेत की विसाव्या शतकातल्या सुगम संगीताची आवड असलेल्या कोणीही ती ऐकायलाच हवीत. असे असूनही हा संच ज्या निष्काळजीपणे तयार केला आहे तो पाहून मन खट्टू होते. गायक म्हणून बिंदी यांची भरभराट जेमतेम चार-पाच वर्षे टिकली, आणि आज त्यांच्या स्वतःच्या देशातही जुन्या रसिकांपलीकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. नव्या श्रोत्याला अशा कलावंताची ओळख ज्या वस्तूतून होणार, ती वस्तू नीटनेटकी असावी ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

बिंदी यांचा जन्म १२ मे १९३२ रोजी जेनोआ शहराच्या पूर्वेला, समुद्रकाठी वसलेल्या बोलियास्को या गावी झाला. त्यांच्या आगेमागे जेनोआत जीनो पाओली, लुइजी तेंको, ब्रूनो लाउझी आणि फाब्रित्सिओ दे आंद्रे ही तरुण मंडळी गाणी रचू लागली होती, आणि इटालियन संगीताच्या इतिहासात हा सगळा गट जेनोआच्या नावानेच ओळखला जातो. या गटातल्या इतरांची ख्याती पुढे वाढतच गेली. दे आंद्रे यांच्या गाण्यांचा तर तिथे कवितेसारखा अभ्यास होतो. बिंदी मात्र मागे पडले. याचे एक कारण असे की बाकीचे आपली गाणी स्वतः लिहीत, आणि त्यांची कीर्ती बरीचशी शब्दांच्या बळावर उभी राहिली. बिंदी यांची भाषा सुरांची होती. ते पियानोवर बसून चाल बांधत, आणि शब्द बहुतेक वेळा त्यांचे जेनोआचेच मित्र ज्योर्जिओ कालाब्रेसे लिहीत. दुसरे कारण पुष्कळ अधिक क्लेशकारक आहे. त्याकडे पुढे येईनच.

या संचातली गाणी मुळात दिस्की रिकोर्दी या मिलानच्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली होती. रिकोर्दी हे घराणे १८०८ पासून संगीताच्या छापील प्रती प्रकाशित करत आले होते, वेर्दी आणि पुच्चीनी यांच्या ऑपेरांचे तेच प्रकाशक, आणि १९५८ च्या सुमारास या घराण्याने स्वतःच्या रेकॉर्डही काढायला सुरुवात केली. आरंभी मारिया कॅलास यांनी गायलेला 'मेदेआ' हा ऑपेरा काढला, आणि लगोलग नान्नी रिकोर्दी यांच्या पुढाकाराने अगदी कोवळ्या, नाव नसलेल्या गायकांना बोलावले. ऑपेराचा वारसा सांगणाऱ्या कंपनीने सुगम गाण्यांकडे वळताना बिंदी यांना हाताशी धरावे, यात मला संगती दिसते, कारण त्या पिढीत ऑपेराच्या आणि सिंफनीच्या वाद्यमेळाचा कान घेऊन गाणी रचणारा त्यांच्याइतका कोणी नव्हता.

पहिल्या सीडीची सुरुवात 'अर्रिवेदेर्ची' या १९५९ च्या गाण्याने होते, आणि ते योग्यच आहे, कारण बिंदी यांचे नाव याच गाण्याने झाले. त्या काळी इटलीत एकच गाणे एकाच वेळी अनेक गायक ध्वनिमुद्रित करत. हे गाणे इटलीत स्थायिक झालेले क्यूबाचे गायक दोन मारीनो बार्रेतो ज्युनिअर यांच्याही आवाजात खूप चालले. निरोपाचे गाणे आहे. दोघे एकमेकांचा हात हातात घेतात, हसतात, आणि आपण थोड्याच दिवसांपुरते वेगळे होत आहोत असे सोंग आणतात. कालाब्रेसे यांच्या शब्दांत रडारड नाही, आणि बिंदी यांच्या गाण्यातही ती नाही. आवाज मुद्दाम खालच्या पट्टीत आणि अगदी हलका ठेवला आहे, ओळीच्या शेवटी स्वर ओढून टाळ्या घेण्याचा मोह कुठेही दिसत नाही, आणि वाद्येही मागे राहून साथ करतात. त्या वर्षांत इटलीत एकीकडे जुन्या वळणाचे, छाती फुगवून गाणारे गायक होते आणि दुसरीकडे अमेरिकन रॉक अँड रोलच्या प्रभावाखाली ओरडून गाणारी, 'उर्लातोरी' म्हणजे ओरडणारे म्हणूनच प्रसिद्ध झालेली तरुण मंडळी होती. या दोन्ही आवाजांच्या गलक्यात इतक्या हळू बोलणारा गायक लोकांना ऐकू आला, ही त्या गाण्याची खरी कमाई.

आणि मग 'इल नोस्त्रो कोंचेर्तो', म्हणजे आपली संगीतसभा. १९६० साली हे गाणे इटलीत खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते, आणि हा संच घ्यायचा तर केवळ या एका गाण्यासाठी घ्यावा असे माझे मत आहे. तीन मिनिटांच्या आत गाणे संपवण्याचा तो जमाना; ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकणाऱ्याला पहिल्या काही क्षणांतच मुखडा हाती लागायला हवा, हा धंद्याचा नियम. बिंदी यांचे गाणे चार मिनिटांहून मोठे आहे, आणि त्यातही बराच वेळ गायकाचा आवाज येतच नाही. आधी वाद्यवृंद गंभीरपणे उभा राहतो, मग त्यातून पियानो पुढे येतो, दोघे काही काळ एकमेकांना जागा देत राहतात, आणि आपण एखाद्या पियानो कोंचेर्तोचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या शास्त्रीय रचनेचा, आरंभ ऐकत आहोत असे वाटू लागते. त्यानंतर बिंदी गायला लागतात ते जवळजवळ बोलल्यासारखे: तू जिथे असशील तिथून हे ऐकलेस, तर मी तुला तुझ्या शेजारीच सापडेन. एवढ्या भव्य प्रस्तावनेनंतर इतका साधा, घरगुती आवाज येतो, आणि तोच ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. पुढे चाल पायरी-पायरीने वर चढते, वाद्ये भरत जातात, आणि शेवटच्या चढावर आवाज पूर्ण उघडतो. पण तिथेही बिंदी यांचा आवाज वाद्यांवर मात करायला जात नाही, तो त्यांच्यात मिसळून वर जातो. पुढे अनेक मोठ्या गळ्यांनी हे गाणे गायले. त्यांतले काही आवाज बिंदी यांच्यापेक्षा कितीतरी बलदंड आहेत, पण तेवढ्यानेच गाणे बिघडते, कारण सुरुवातीपासूनच आवाज भरदार असेल तर शेवटच्या चढाला काही अर्थच उरत नाही.

नेमक्या याच गाण्यावर या संचाने सर्वांत मोठा अन्याय केला आहे. जुन्या रेकॉर्डवरची खरखर काढण्यासाठी ध्वनी इतका गाळला आहे की पियानोचा स्वर वाजल्यानंतर हवेत विरत जाताना ऐकू येतो तो भाग मधूनच कापल्यासारखा संपतो. प्रस्तावनेत वाद्यवृंद थांबतो आणि पियानो एकटा उरतो, तिथे हे विशेष जाणवते. स्वर वाजतो आणि पाठोपाठ एक बधिर शांतता येते, जणू कोणी खोलीचे दार लावून घेतले. व्हायोलिनचे वरचे स्वरही बोथट झाले आहेत. ऑनलाइन सेवांवर हेच ध्वनिमुद्रण इतर संकलनांमधूनही मिळते. त्यांतल्या काहींत खरखर थोडी जास्त आहे, पण पियानो जिवंत आहे. मला विचाराल तर खरखर परवडली. बिंदी यांच्या गाण्यात शांत जागांना सुरांइतकेच महत्त्व आहे, आणि त्या जागा पुसून टाकणारी स्वच्छता काय कामाची?

उरलेल्या गाण्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. 'ए वेरो' हे गाणे १९६० च्या सानरेमो महोत्सवात, म्हणजे इटलीतल्या नव्या गाण्यांच्या वार्षिक स्पर्धेत, मीना आणि तेद्दी रेनो यांनी गायले होते. मीना या पुढे इटलीच्या सर्वांत मोठ्या गायिका ठरल्या, आणि सानरेमोच्या मंचावर त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवले ते याच वर्षी. संचात बिंदी यांच्या आवाजातले रूप आहे, आणि ते मला अधिक आवडले, कारण त्यांनी लय किंचित सैल सोडली आहे. 'ओदिओ' या गाण्याच्या नावाचा अर्थ द्वेष, पण गाण्याचा स्वर मात्र द्वेषापेक्षा थकव्याकडे झुकतो, आणि तो मनाला पटतो. 'लुना नुओवा सुल फुजी-यामा' हे गाणे मात्र ज्या काळात बनले त्याच काळात राहून जाते. दूरदेशीचे वातावरण उभे करण्याची ती पद्धत आज जुनी झाली आहे. दुसऱ्या सीडीतली काही गाणी एकमेकांसारखी वाटतात, आणि सगळी सलग ऐकली तर मंद लयीचा शीण येतो. दोष गाण्यांचा नव्हे. एका वेळी एक छोटी रेकॉर्ड ऐकण्यासाठी ती घडवली होती, आणि तशी दोन-दोन करून ऐकली की प्रत्येकीचा स्वभाव वेगळा कळतो.

'नोन मी दिरे की सेई' हे दुसऱ्या सीडीच्या अखेरीस येते. १९६१ च्या सानरेमो महोत्सवातले हे गाणे. त्या काळच्या प्रथेनुसार तिथे प्रत्येक गाणे दोन वेगवेगळे गायक सादर करत. हे गाणे बिंदी आणि मिरांदा मार्तीनो यांनी गायले. गाणे चांगले आहे, चाल नाजूक आहे. पण महोत्सवानंतर वृत्तपत्रांत चर्चा झाली ती गाण्याची नव्हे, तर बिंदी यांच्या करंगळीत असलेल्या ठसठशीत अंगठीची. ते समलिंगी आहेत ही कुजबुज आधीपासून होतीच. त्या अंगठीने तिला उघड तोंड फुटले. इटलीत समलिंगी संबंध हा १८८९ च्या दंडसंहितेपासून गुन्हा राहिलेला नव्हता. म्हणजे कायद्याने त्यांना कोणी हात लावू शकत नव्हते. पण १९६१ च्या आरंभी त्या देशात दूरचित्रवाणीची एकच वाहिनी होती, ती सरकारी होती, आणि शिष्टसंमत काय नि अशिष्ट काय हे ठरवताना चर्चचे मत डोळ्यांपुढे ठेवले जाई. तिथून बोलावणे येणे कमी झाले की गायकाला खटला भरून शिक्षा करण्याची गरजच उरत नाही. ज्या माणसाचे गाणे एका वर्षापूर्वी देशात पहिले होते, त्याच्याकडे लोक कुत्सितपणे पाहू लागले आणि त्याचे काम आटत गेले.

संचाच्या सोबतच्या घडीपत्रकात यातले एक अक्षरही नाही. पुढच्या बाजूला छायाचित्र, मागे गाण्यांची यादी, आणि बस. गीतकारांची नावे नाहीत, ध्वनिमुद्रणाची वर्षे नाहीत, वाद्यवृंद कोणी चालवला याचा उल्लेख नाही. कालाब्रेसे यांचे नाव नसणे मला सर्वांत जास्त खटकले. बिंदी यांच्या चालींना शब्द देणारा हा माणूस, ज्याने लिहिलेले 'ए से दोमानी' पुढे मीना यांच्या आवाजात गाजले, तो या संचात जणू अस्तित्वातच नाही. गाण्यांचा क्रमही कालानुसार लावलेला नाही. सुरुवात आणि शेवट जुळले आहेत ते बहुधा योगायोगाने, मधे सगळी सरमिसळ आहे. इतकी माहिती गोळा करायला फार कष्ट पडले असते असे नाही. आठ पानांची पुस्तिका पुरली असती.

आणखी एक उणीव आहे, पण तिचा दोष कंपनीला देता येणार नाही. बिंदी यांची जगात सर्वांत दूर पोचलेली चाल, 'इल मिओ मोंदो', या संचात नाही. युरोपात ध्वनिमुद्रणांवरचा हक्क पूर्वी ५० वर्षे टिकत असे. २०१३ च्या अखेरीस नवा नियम लागू होऊन तो ७० वर्षांचा झाला, पण ज्या ध्वनिमुद्रणांचा हक्क तोवर संपला होता त्यांना तो परत मिळाला नाही. त्यामुळे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्ड कोणीही छापून विकू शकतो, आणि १९६३ च्या व त्यापुढच्या रेकॉर्डना परवानगी लागते. 'इल मिओ मोंदो' १९६३ चे आहे. स्वस्त संचांचा महापूर का आला आहे आणि ते १९६२ च्या पुढे का जात नाहीत, याचे उत्तर या नियमात आहे. ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे, म्हणजे 'संपूर्ण' किंवा 'सर्वोत्तम' अशा शब्दांना भुलायला होत नाही.

या गाण्याचे शब्द जीनो पाओली यांचे आहेत. बिंदी यांच्या आवाजात इटलीत ते फारसे गाजले नाही. त्याचा इंग्रजी अवतार 'यू आर माय वर्ल्ड' लिव्हरपूलच्या सिला ब्लॅक यांनी १९६४ मध्ये गायला, निर्माते होते बीटल्सच्या रेकॉर्ड घडवणारे जॉर्ज मार्टिन, आणि मे महिन्याच्या अखेरीस ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे तिथेच राहिले. १९७७ मध्ये हेलन रेड्डी यांनी ते पुन्हा गायले आणि अमेरिकेत ते पहिल्या विसांत पोचले. लाखो लोकांनी ही चाल गुणगुणली असेल, पण ती कोणाची हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. सिला ब्लॅक यांचे गाणे मला आवडते, त्यातली तार सप्तकातली हाक अंगावर येते. तरी बिंदी यांचे मूळ गाणे शोधून जरूर ऐकावे, कारण तू हेच माझे जग आहे असे ते अभिमानाने जाहीर करत नाहीत, दबक्या आवाजात कबूल करतात. आपले प्रेम उघड बोलण्याची सोय नसलेल्या माणसाने ही चाल बांधली आहे हे माहीत असताना ते दबकेपण निराळेच ऐकू येते.

या सीडींच्या कालमर्यादेनंतरची हकीकतही सांगायला हवी, कारण हा संच घेणाऱ्याला ती कुठेतरी मिळायलाच हवी. बिंदी इतरांसाठी चाली बांधत राहिले. १९६७ च्या सानरेमोत ओर्नेल्ला वानोनी आणि मारिओ ग्वार्नेरा यांनी गायलेले 'ला मूझिका ए फिनिता' हे त्यांच्याच चालीवरचे गाणे चौथे आले, आणि वानोनी यांच्या आवाजात ते आजही लोकांच्या ओठांवर आहे. १९७० च्या दशकात बिंदी यांच्या स्वतःच्या आवाजात दोन मोठ्या रेकॉर्ड निघाल्या. विक्री फारशी झाली नाही. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते १९८८ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर. १९९६ मध्ये गायक रेनातो झेरो यांच्या पाठिंब्याने ते न्यू ट्रोल्स या रॉक बँडसह सानरेमोच्या मंचावर परत आले. त्यानंतर पुन्हा विपन्नावस्था आली. इटलीत गरजू कलावंतांना निवृत्तिवेतन देणारा 'बाक्केल्ली' नावाचा १९८५ चा कायदा आहे. मित्रांनी आवाज उठवल्यावर बिंदी यांना त्याचा लाभ मंजूर झाला, पण तो होईपर्यंत त्यांचे आयुष्य संपत आले होते. २३ मे २००२ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

तर हा संच घ्यावा का? ज्यांनी बिंदी यांना कधीच ऐकले नाही त्यांनी पैसे घालवण्याआधी एखाद्या ऑनलाइन सेवेवर 'इल नोस्त्रो कोंचेर्तो' ची दोन-तीन संकलनांतली रूपे काढून फक्त प्रस्तावना ऐकावी. ज्यात पियानोचा स्वर शेवटपर्यंत विरताना ऐकू येईल, ते संकलन निवडावे. गाण्यापुढे वर्ष १९६० दिले आहे का तेही पाहावे, म्हणजे नंतरच्या काळातले एखादे ध्वनिमुद्रण माथी मारले जाणार नाही. ज्यांना सीडी हातात असल्याशिवाय समाधान होत नाही, त्यांच्यासाठी हा संच किमतीच्या मानाने वाईट नाही, मात्र ऐकताना यंत्रावरचे वरच्या स्वरांचे बटण थोडे वाढवावे लागेल आणि माहितीसाठी दुसरीकडे जावे लागेल. आणि ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर सुस्थितीत आहे त्यांनी रिकोर्दीच्या मूळ ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांचा शोध घ्यावा. इटलीतल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत आणि बाजारांत त्या सापडू शकतात, कारण जे गाणे १९६० मध्ये देशात पहिले होते त्याच्या प्रती तेव्हा भरपूर निघाल्या होत्या.